मास्तर, माउस आणि मुंढा

शर्टाच्या कारखान्यात कापडाला कात्री लागण्याआधी त्याचे आराखडे जिथे तयार होतात, त्या पॅटर्नच्या खोलीत मास्तरांच्या डाव्या हाताला खिडकी होती आणि उजव्या हाताला माउस. खिडकी कुणी लावून घेतली तर मास्तर थोडं कुरकुरून गप्प बसत. माउसला कुणी हात लावला तर मात्र गप्प बसत नसत, आणि मास्तरांनी गप्प न बसणं म्हणजे काय हे ज्यांनी एकदा ऐकलं होतं ते पुन्हा त्या टेबलाच्या वाटेला जात नसत.

माणूस वाईट नव्हता. तापट होता, हेकट होता, स्वतःच्या कामावर नको इतका खूश होता, पण वाईट नव्हता. आणि कामही खूश व्हावं असंच होतं म्हणा. शर्टाच्या अंगाला बाही जिथे जोडतात ती खांद्यापासून काखेपर्यंतची वळणदार रेघ, तिला शिवणकामात मुंढा म्हणतात. कॉलर वाकडी झाली तर दिसते, खिसा खालीवर झाला तर दिसतो. मुंढा जरासा चुकला तर दिसत नाही, टोचतो. घालणारा दिवसभर खांदे उडवत बसतो आणि आपलं काय बिनसलंय ते त्याला कळत नाही. मास्तरांचा मुंढा आजवर कुणाला टोचला नव्हता.

"ही रेघ डोक्यातून येत नाही," ते सांगत. "मनगटातून येते."

ते मनगट आधी कात्रीवर तयार झालेलं. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा मास्तर चाळिशी ओलांडून बसले होते. माउस टेबलाच्या कडेला पोचला की उचलून मागे आणायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी आधी लांब टेबल मागून घेतलं. लोक पोट धरून हसले. मास्तरांनी ते हसणं मनात ठेवलं आणि माउसवर असा हात बसवला की हसणारेच पुढे त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून बघू लागले. जे शिकताना आपली फजिती झालेली असते त्याच्यावर आपला जीव जरा जास्तच असतो. मास्तरांचा माउसवर तसा होता.

काही वर्षांनी जुनी यंत्रं गेली आणि लॅपटॉप आले. "आता माउसची गरजच नाही, हे बघा, इथेच टचपॅड आहे," असं मॅनेजरांनी मोठ्या कौतुकाने दाखवलं. मास्तरांनी त्या गुळगुळीत चौकोनाकडे बघितलं. कुणी कात्री काढून घेऊन हातात चमचा द्यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"बोटाने टेबल पुसल्यासारखं दिसतं ते," ते म्हणाले. "पुसायला माणूस आहे आपल्याकडे."

खोलीतल्या दोन्ही लॅपटॉपचं टचपॅड त्यांनी बंद करायला लावलं, दोन माउस जोडून घेतले आणि नियम केला की या खोलीत बोट घासायचं नाही.

दुसरा लॅपटॉप टेपताईचा. मोजायची टेप कायम गळ्यात, म्हणून टेपताई. तिशीतली, कामाला चोख, आणि अजून नोकरीत कायम न झालेली. तिचा हात मुळात टचपॅडवर बसलेला होता, त्यामुळे आल्या आल्याच तिने बोलणी खाल्ली आणि निमूटपणे माउस धरला. मास्तर जेवायला गेले की मात्र ती टचपॅड चालू करी, भराभर कामं उरकी आणि जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की पुन्हा बंद करी. हे मास्तर सोडून सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

कामाची वाटणी अशी होती की मास्तर मुंढा काढणार आणि टेपताई त्याच्यावर बाही चालवून बघणार. बाही चालवायची म्हणजे पडद्यावर बाहीची कड मुंढ्याच्या कडेला लावून वळणावळणाने पुढे न्यायची आणि दोघांची लांबी जुळते का ते मोजायचं. पूर्वी हेही मास्तरच करत. एका उन्हाळ्यात त्यांनी ते तिच्याकडे दिलं. "आता तू कर, शिकशील," असं म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला होता.

ते आधी बायकोच्या लक्षात आलं. चहा कपात कमी आणि बशीत जास्त दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवू या."

"झोप होत नाही नीट, म्हणून होतं ते."

"झोप होत नाही? रात्रभर घोरता की!"

"घोरणं वेगळं, झोप वेगळी."

बायकोने कपाळाला हात लावला आणि ती मोठे कप वापरू लागली. मास्तर घाबरले होते. ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही आणि स्वतःलाही धड सांगितलं नाही. हात गेला तर त्या खोलीत आपलं काय उरतं? खिडकी?

मुठीत माउस धरला की हाताची थरथर थेट पडद्यावरच्या बाणात उतरे आणि रेघ करवतीसारखी दातेरी निघे. त्यावर मास्तरांनी तोड काढली. त्या प्रोग्रॅममध्ये वेडीवाकडी रेघ गुळगुळीत करणारं एक बटण होतं. नवशिकं कुणी ते वापरताना दिसलं की मास्तर विचारायचे, "रेघेला पावडर लावताय का?" आता ते स्वतः दार लोटून घेऊन तेच बटण दाबू लागले. रेघ कशी छान दिसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मधल्या काळात घरी एक गंमत झाली. मुलीने तिचा जुना लॅपटॉप आईला दिला होता आणि बायको त्याच्यावर नातीशी बोलत असे. एका सुट्टीच्या दिवशी आवाजच येईना. मुलगी तिकडून हातवारे करून काय दाबायचं ते दाखवत होती, बायको इकडून "अहो, बघा ना" करत होती, आणि माउस नव्हता. मास्तरांनी नाइलाजाने टचपॅडवर बोट टेकवलं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग लॅपटॉपच्या अंगावर टेकला, बोट सरकलं आणि बाण अजिबात न थरथरता हव्या त्या जागी जाऊन थांबला. तळहाताला टेकू मिळाला होता आणि थरथर तिथेच अडून राहिली होती. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मास्तरांना आला राग. ज्याला आपण चारचौघांत नावं ठेवली तोच आता उपयोगाला येतोय म्हणजे काय? आणि कारखान्यात त्या चौकोनाला बोट लावायचं तर का लावलं हे सांगावं लागणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा माउसच धरला, बटणच दाबलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

असे बरेच महिने निभावले. मग एक मोठी ऑर्डर कटिंगला जायच्या बेतात असताना टेपताईच्या मुलाला ताप भरला आणि शाळेतून फोन आला. ती गळ्यातली टेप न काढताच निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, "मास्तर, बाही चालवायची राहिलीय."

"मी बघतो. तू जा."

त्यांनी बघायला घेतलं. बाही चालवताना बाण बारीक बारीक खुणांवर नेमका ठेवावा लागतो. खूण हुकली. पुन्हा ठेवला, पुन्हा हुकली. मास्तरांनी मनाशी म्हटलं, इतके दिवस बटण दाबतोय, एकदा तरी तक्रार आली का? आणि फाइल तशीच पुढे पाठवली.

कापड कापलं गेलं आणि शिवणखात्यात बोंब उठली. बटणाने रेघ गुळगुळीत करताना मुंढ्याचा खोलगटपणाच खाऊन टाकला होता. मुंढा आखूड आणि बाही होती तेवढीच. लांब बाही आखूड मुंढ्यात कोंबली की खांद्यावर चुण्या पडतात. शिवणखात्याच्या बाईंनी एक शर्ट मॅनेजरांच्या टेबलावर आपटला. "बघा हे! खांद्यावर भोपळे उगवलेत."

मुलाचा ताप उतरल्यावर टेपताई कामावर आली ती थेट मॅनेजरांच्या खोलीत. मास्तर आणि शिवणखात्याच्या बाई आधीच बसले होते. मॅनेजर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे लोक त्यांना जास्त भीत.

"शेवटची तपासणी तुझ्याकडे असते ना?"

"हो, सर."

"केली होतीस?"

मास्तर सांगायला म्हणून खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात टेपताई म्हणाली, "राहून गेली, सर. घाईत निघाले."

"मग तुला कायम करा असं मी वर कुठल्या तोंडाने सांगू?"

चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती आणि चोर शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता.

बाहेर आल्यावर शिवणखात्याच्या बाई मास्तरांना म्हणाल्या, "एवढे महिने बाही कशी लोण्यासारखी बसत होती हो. या खेपेलाच काय झालं?"

मास्तर खोलीत आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. बटण तर ते एवढे महिने दाबत होते. मग आधी का नाही बिघडलं? भिंतीवर खुंट्यांना मागच्या ऑर्डरींचे पुठ्ठ्याचे पॅटर्न टांगलेले होते. त्यांनी एक उतरवला आणि मुंढ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसरा उतरवला, तिसरा उतरवला. काखेपाशी रेघ खोल उतरत होती, खांद्याकडे अलगद वर चढत होती. वळण त्यांचंच होतं, हात चांगला होता तेव्हाचं. पण ही रेघ त्यांनी काढलेली नव्हती. त्यांच्या मागे कुणीतरी प्रत्येक मुंढा नव्याने काढला होता, आणि असा काढला होता की खुद्द मास्तरांनाही पत्ता लागू नये.

त्यांना स्वतःची लाज वाटली. मग पुठ्ठा खुंटीला लावून ते मॅनेजरांकडे गेले आणि बसा म्हणायच्या आत बोलले.

"सर, चूक माझी. ती जाताना सांगून गेली होती. मी बघतो म्हटलं आणि बघितलं नाही."

"का?"

मास्तरांनी उजवा हात टेबलाच्या वर धरला. लपवून ठेवलेला हात त्यांनी पहिल्यांदाच कुणासमोर उघडा केला होता, आणि तोही जणू वाट बघत असल्यासारखा चांगलाच थरथरला. मॅनेजरांनी हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"रेघ काढता येते का?"

"माउसने नाही येत."

"मग कशाने येते?"

"त्या चौकोनावर येते," मास्तर म्हणाले. हे एवढं वाक्य बोलणं त्यांना हात दाखवण्यापेक्षाही जड गेलं.

मॅनेजर हसले नाहीत, ही त्यांची मोठीच मेहेरबानी. "मग त्याच्यावर काढा. नवा मुंढा आजच हवाय. आणि आधी डॉक्टर गाठा. हात माझ्या कारखान्याचाही आहे."

"आणि तिचं?"

"तिचं मी वर बोलतो. नाव कापत नाही तिचं."

मास्तर परत आले तेव्हा टेपताई तिच्या टेबलाशी खाली मान घालून बसली होती. त्यांनी आपला माउस काढून बाजूला ठेवला आणि तिला बोलावलं.

"हे चालू कसं करतात?"

तिने न बघताच एक कळ दाबली. किती सरावलं होतं ते बोट!

"जेवायच्या सुट्टीत?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"आणि माझे मुंढे?"

टेपताईने टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेही जेवायच्या सुट्टीत."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं ऐकलं."

"उलट कामावर यायचंच बंद केलं असतं," ती म्हणाली. "आणि मला तुमच्याकडून अजून शिकायचं होतं. मग म्हटलं, आपण निस्तरू."

"आणि आज माझ्यासाठी खोटं का बोललीस? तुझी नोकरी गेली असती."

"माझी गेली असती तर दुसरी मिळाली असती, मास्तर. तुम्ही कुठे जाणार होता?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खिडकीकडे बघत राहिले, पण खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. मग त्यांनी तळहात टेकवला, बोट ठेवलं आणि मुंढा काढायला घेतला. टेपताई आपल्या जागेकडे वळली. "तुमचं झालं की सांगा. मी तिकडे बाही चालवून बघते."

"तिकडे नको," मास्तर म्हणाले. "माझ्या मागे पुष्कळ दुरुस्त केलंस. आता खुर्ची इकडे घे, आणि चुकलं की तोंडावर सांग."

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. रेघ खांद्यापासून हळूहळू खाली आली, काखेपाशी वळली. मास्तर मनातल्या मनात खूश व्हायला लागले होते.

"आखूड येतंय, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली, रेघ पुसली आणि पुन्हा वरपासून काढायला घेतली.