मोटार भरणाऱ्या बायकांचे आप्पा

बबनआप्पांची आणि माझी पहिली भेट झाली ती झाडूच्या कामासाठी. रांजणगावच्या कंपनीतलं माझ्या मिस्टरांचं कंत्राट संपलं होतं. तळेगाव ढमढेऱ्यात आप्पांच्या गॅरेजच्या दारात उभी राहून मी विचारलं, "झाडलोटीला बाई पाहिजे का?" आप्पांनी एक जळकी मोटार पुढं सरकवली. "झाडायचं आमचं आम्ही बघू. तुम्ही ह्यातली तार काढा, आन् किती वेढे निघत्यात ते मोजा." कामावर मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिलेच गृहस्थ.

आप्पांची सारी हयात डिझेल इंजिनांत गेली. पण डिझेल महागलं, सौरपंप आले, इंजिनाला कुणी विचारीना. लोक म्हणाले, "आप्पा, तेलावर तुमची भाकरी. आता बसा घरी." आप्पा म्हणाले, "एकाच विहिरीवर सगळं रान भिजवायचं कशाला?" त्यांनी पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून द्यायचं काम सुरू केलं आणि त्यासाठी आम्हा पाच जणींना शिकवलं. यंत्र घेण्याआधी त्यांनी बायकांसाठी संडास बांधला. गाव हसलं. आप्पा चिडले, "दिवसभर पाणी न पिता बाई काम करील व्हय?" कांदा काढायला जायचे तेव्हा मी तेच करत होते. हे एका पुरुषाला सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं.

एकदा पाबळकडचे एक शेतकरी तणतणत आले. "आप्पा, बायकांच्या हातात मोटार दिली, आन् पाणी बोटभर यायला लागलंय! कांदा करपला माझा!" ती मोटार मी भरली होती. ही बिघडली असती, तर आमच्याकडं पुन्हा कुणी मोटार टाकली नसती. पाचही जणी घरी बसलो असतो.

आप्पा शांतपणे म्हणाले, "मला काय इचारता? भरली त्यांनी, बघतील त्याच." खरं सांगते, मला रागच आला. म्हातारा ऐन वेळी हात झटकतोय, असं वाटलं.

त्या शेतकऱ्यांच्याच जीपमधून मी विहिरीवर गेले. मोटार उलटी फिरत होती. स्टार्टरला जोडताना त्यांनीच वायरींची अदलाबदल केली होती. मी वीज बंद केली, दोन वायरी बदलल्या, बटण दाबलं. पाइप भरून पाणी आलं! त्या गृहस्थांनी माझ्यासमोरच फोन लावला, "आप्पा, पुढच्या बारीला तुम्ही नगा येऊ. बाईंनाच धाडा."

परत आल्यावर मी आप्पांना धरलंच. "मोटार उलटी फिरतेय, हे तुम्हाला ऐकूनच कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"मी बोललो असतो, तर लोकांनी ती मोटार माझीच धरली असती."

मला रडू आलं. आप्पांनी चहा सांगितला.

आज कारेगावात माझं स्वतःचं दुकान आहे. बाकीच्या चौघीही आपापल्या पायांवर उभ्या आहेत. आप्पा, पंच्याहत्तरी झाली, आता शंभरीही सहज ओलांडा. गुडघे, डोळे, दात सगळं ठणठणीत राहो. आणि विहिरीवर चला म्हणून तुमच्या दारात कुणीही न येवो. त्यांना आमच्याकडं यायची सवय लागली आहे.