कॅथेटर जरा मागे घ्या

परळच्या एका हॉस्पिटलात मी कॅथलॅब टेक्निशियन होते, कंत्राटावर. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली असली की तिथे दोन दाब मोजायचे. एक वाहिनीच्या तोंडाशी, कॅथेटरच्या नळीतून. दुसरा अडथळ्याच्या पलीकडे, केसासारख्या तारेच्या टोकाशी. पलीकडचा दाब फार पडला तर स्टेंट, नाहीतर गोळ्या. पडद्यावर ते आकडे आणि लाटा बघत राहणं हे माझं काम.

एके दिवशी टेबलावर आमच्या लालबागच्या चाळीतले काका आले. ते आणि माझे वडील बारा वर्षं एकाच विणाई खात्यात होते. संपात दोघांची गिरणी गेली ती गेलीच. मी तेव्हा पहिलीत होते. वडील घरी बसले. काका भायखळ्याच्या मार्केटात भाजीची पोती उचलू लागले. आता जिना चढताना त्यांची छाती भरून यायची.

डॉक्टर घाईत होते, बाहेर आणखी चार पेशंट थांबले होते. रक्तप्रवाह वाढवणारं औषध दिलं, पलीकडच्या दाबाला तोंडाशी असलेल्या दाबाने भागून आकडा आला पॉइंट एट सेव्हन. पॉइंट एटच्या वर म्हणजे स्टेंट नको. पण तोंडाशी मोजलेल्या दाबाची लाट चपटी झाली होती. नळी वाहिनीच्या तोंडात घट्ट बसली होती. अशा वेळी तिथलाच दाब कमी दिसतो, मग दोन दाबांतला फरकही कमी दिसतो, आणि अडथळा आहे त्यापेक्षा साधा वाटतो. कॅथेटर जरा मागे घेऊन पुन्हा मोजायचं, दोन मिनिटांचं काम.

मी म्हणाले, "सर, वेव्ह…"

त्यांनी मान वळवली. "काय?"

"काही नाही, सर."

माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. शिवाय वरच्या माणसाशी वाद घालायचा नाही, हे वडिलांनी संपानंतर आम्हा भावंडांच्या अंगात भिनवलं होतं.

बाहेर स्ट्रेचरवर काकांनी विचारलं, "बाय, माका काय नाय ना?"

"नाही काका. आकडा चांगला आलाय."

तीन महिन्यांनी ते मार्केटातच गेले, पाठीवर पोतं असताना. नीट मोजलं असतं तर वाचले असते का, मला ठाऊक नाही. कुणालाच कळणार नाही. त्या न कळण्यावरच डॉक्टरांचं आणि माझं निभावलं.

तेराव्याला काकींनी माझा हात धरला. तू सांगितलंस म्हणून ते निर्धास्त होते, म्हणाल्या, शेवटचे दिवस सुखात गेले. मला तिथे बसवेना. घरी आले आणि वडिलांना सगळं सांगितलं, त्या चपट्या लाटेसकट.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कंत्राट वाढवलं ना तुझं?"

"हो."

"मग झालं तर."

संपात दीड वर्ष गिरणीच्या गेटावर घोषणा देत उभा राहिलेला माणूस हा.