तोंड उताराकडे

चारुदत्त काळे सिक्कीमच्या घाटांत बुलडोझरने रस्त्यावरचा बर्फ काढत. एकाहत्तर साली त्यांची कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा मंदाकिनीने देवापुढे साखर ठेवली आणि नवऱ्याकडून वचन घेतलं: आता यंत्रावर बसायचं नाही. ते शहराजवळच्या बजबज गावी नदीच्या बांधावर देखरेख करू लागले. वचन पाळलं खरं, पण माणूस पार कोमेजला. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला की बिचाऱ्याची मान आपोआप तिकडे वळे.

जेवताना मात्र त्यांचा बर्फ सुरू. आमटीच्या वाटीला चमचा आडवा टेकवून सांगत, "मंदा, उतारावर आडवं जाताना यंत्र घसरलं, तर तोंड चढाकडे वळवायचं नाही. उलटलंच समज. तोंड उताराकडे करायचं आणि पुढचं पातं मातीत रोवायचं."

"अहो, भात निवतोय," मंदा म्हणे. तिचा जन्म कलकत्त्यातल्याच भवानीपूरचा. बर्फ तिने पाहिला तो सरबताच्या गाडीवर.

एकदा ते डबा विसरले, म्हणून ती लोकलने बजबजला गेली. बांधाच्या उतारावर तिथले चालक हरेनबाबू यांचा बुलडोझर आडवा चालला होता. माती भिजलेली. बघता बघता यंत्र नदीकडे सरकू लागलं. घाबरून हरेनबाबूंनी तोंड चढाकडे वळवायला घेतलं, तशी वरच्या बाजूची चाकांची लोखंडी साखळी जमिनीवरून उचलली गेली.

"खाली वळवा! खाली!" चारुदत्त ओरडले. ऐन वेळी तोंडात आली ती मायबोली, आणि हरेनबाबूंना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं.

"भय नेइ, दादा!" घाबरू नका म्हणत मंदा किंचाळली, आणि पुढचं सगळं तिने खणखणीत बंगालीत सांगितलं: तोंड नदीकडे करा, पातं टेकवा, रोवा. त्या बिचाऱ्याला समोर नुसतं पाणी दिसत होतं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ऐकलं. यंत्र सरळ झालं, धडधडत उतरलं आणि पातं रुतून पाण्याच्या अलीकडे थांबलं.

चारुदत्त तिच्याकडे वळले. "मला वाटायचं, तू ऐकतच नाहीस."

"ऐकायचं नव्हतंच मला. भीती वाटायची." मंदाने डोळे पुसले. "सोमवारपासून तुम्ही बसा यंत्रावर. मी अडवणार नाही."

आणि ते तिकडे धावू नयेत म्हणून मघापासून मुठीत घट्ट धरलेली त्यांची बाही तिने सोडली.