जादा डीपीची जागा

अख्ख्या मुळशी तालुक्यात चुकूनही रस्ता विचारू नये असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. एरवी माणसं देवळावरून, पारावरून वाट सांगतात. आमचे काका डीपीवरून सांगायचे. डीपी म्हणजे दोन खांबांच्या मध्ये बसवलेलं, दिवसभर गुणगुणणारं ते रोहित्र. "ह्या डीपीवरनं तारंखालनं सरळ जायचं, म्होरला डीपी आला की उरवडं," असं ते छातीठोकपणे सांगत, आणि ऐकणारा बिचारा भाताचा चिखल तुडवत टेकडीला लागायचा. तार जाते तिथून माणसाला जाता येतंच असं नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. कुणाचं लग्न जमत असलं तरी हे आडवे यायचे. "स्थळ झ्याक हाय, पर लाइन आपलीच हाय. हितली लाईट गेली की तितली बी गेली. पोरीनं माहेरी येऊन करायचं काय?"

भारनियमनाची ती वर्षं. मावशीकडे भुकूमला संध्याकाळी ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावायची, मोटारी जळायच्या, आणि आम्ही पोरंपोरी पुण्यात 'अंधाराचा जाब द्या!' अशी पत्रकं छापायचो. काकांनी माझी उरलेली पत्रकं खळीने एकमेकांना चिकटवली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा मांडला: कुठला डीपी, त्यावर कुणाकुणाचं घर. डीपीच्या खुणेला मावशीचं कुंकू. "माझा करंडा संपिवला ह्या डीपींनी," मावशी करवादायची, "मला लावाया उरलं न्हाई."

माझ्या पत्रकाला वीज मंडळाच्या साहेबांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. काकांनी नेलेला नकाशा मात्र दोनदा फिरवून पाहिला. "एकावर एवढी घरं? जोडीला जादा डीपी द्यावाच लागेल. जागा दाखवा." झालं! देवळात बैठक बसली आणि प्रत्येकजण शेजाऱ्याचा बांध दाखवू लागला. उजेड सगळ्यांना हवा, डीपी कुणाच्याच बांधावर नको. पौड रस्त्याकडेचा गुंठा न् गुंठा बघायला शहरातली माणसं येत होती, आणि डीपीशेजारी घर कोण बांधतो? मी उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. "शेजाऱ्याच्या दारात बरा चालतो तुम्हाला! लाज कशी वाटत नाही?" मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, तुमच्या कोथरूडच्या गच्चीवर बसवा की!" सगळं देऊळ हसलं.

हसू ओसरायच्या आत काका उठले. "आमच्या अंगणालगतच्या तुकड्यात बसवा."

मावशी बायकांत बसली होती. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. तो तुकडा विकून घराला दोन खोल्या काढायच्या, भाडेकरू ठेवायचे, म्हणजे म्हातारपणी दारात माणसांचा राबता राहील, हे तिनं कधीचं मनाशी धरलेलं होतं. गिऱ्हाईकही बघून गेलं होतं.

"मला इचारलं बी न्हाई," घरी आल्यावर ती म्हणाली.

"तू न्हाई म्हनली असतीस."

"म्हनलीच असते!"

डीपी बसला. गिऱ्हाईक बायकोला घेऊन पुन्हा आलं, घटकाभर डीपीचं गुणगुणणं ऐकलं आणि आल्या पावली परत गेलं. वस्तीतल्या ट्यूबा पहिल्या झटक्याला लागायला लागल्या, आणि मावशी काकांशी माझ्यामार्फत बोलायला लागली. "त्यांना सांग, भाकरी झालीय. आन् डीपीला बी वाढू का, ते इचार." काका पाटावर येऊन बसायचे. खोल्या काही झाल्या नाहीत.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. परवा मी गेले तेव्हा फ्यूज उडाला होता. वस्तीतली माणसं वायरमनची वाट बघत डीपीपाशी, म्हणजे मावशीच्याच अंगणात, ऐसपैस बसली होती. मावशीनं सगळ्यांना चहा केला. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला लवळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली, अशा गप्पा रंगल्या. मावशीला इतकं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. एवढ्यात पडवीतला दिवा लख्ख लागला आणि जो तो चपला शोधायला लागला.

"आली बी लगीच?" मावशी दिव्यावर खेकसली. मग लोकांकडे वळून म्हणाली, "बसा की वाईच."