बडेसाबांचा काटा आणि बसप्पाचं शेवाळ

तिसरी घंटा झाली आहे असं समजा आणि पडदा वर जाऊ द्या. सोलापूर. विजापूर वेशीतून आत वळणारी एक गल्ली. जुलै निम्मा सरलाय, पण ढग नुसते प्रवेश करतात आणि एकही संवाद न बोलता निघून जातात. उजव्या विंगेत चहाची टपरी, डाव्या विंगेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मधोमध आठ फुटी दुकानात मांडी घालून बसलेले एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, मांडीवर नवाकोरा बूट, हातात बाभळीचा बोटभर काटा. काटा बुटाच्या तळाला टेकतो, अंगठा जोर लावतो, काटा कट्कन मोडतो आणि गृहस्थांचा चेहरा एकदम उजळतो.

हे बडेसाब, चपला-बुटांचे दुकानदार. आमची नाटक कंपनी चालू होती तेव्हा राजाच्या मोजड्यांपासून चोपदाराच्या वहाणांपर्यंत सगळं यांच्या हातचं असे. कंपनी बंद पडून जमाना झाला, पण त्यांच्या दुकानापुढच्या स्टुलावर माझी जागा अजून राखीव आहे.

काट्याची परीक्षा त्यांच्या वडिलांपासूनची. सांगोला-मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ वहाणा घ्यायला येत. त्या कोरड्या माळावर पावलाचा वैरी एकच, बाभळीचा काटा. म्हणून दुकानात येणारा प्रत्येक जोड आधी काट्याला सामोरा जायचा. काटा मोडला तर माल फळीवर, काटा रुतला तर माल परत. वळसंगचे एक जुने गिऱ्हाईक दर दिवाळीला काट्यांची बरणी भरून आणून देतात. पुण्याचे व्यापारी हसतात. बडेसाब म्हणतात, "हसू द्या. ते डांबरावर चालतात."

त्या दिवशी त्यांची नात समरा कॉलेजातून धावतच आली. मागून तिची आई अकबरी, पिशवी सावरत.

"दादा, माझं नाव लागलं! पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत जुन्नरकडच्या डोंगरात. दोन दिवस चढायचं!"

"लागलं न्हवं, लावलंय," अकबरी म्हणाली. "आईला विचारायच्या आधी."

अकबरीचं भय खोटं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात समराची मैत्रीण शगुफ्ता अशाच एका डोंगरात धबधब्याजवळ घसरली आणि घोट्याचं हाड मोडून परत आली. सहा आठवडे प्लास्टर.

अकबरीने पिशवी खाली ठेवली आणि सासऱ्यांपुढे उभी राहिली. "अब्बा, तुमी छातीवर हात ठेवून सांगा, ही पोरगी घसरणार न्हाई. तुमी सांगितलं तर माझी ना न्हाई. पण मोघम बोलायचं न्हाई."

"हात्तिच्या! चाळीस वर्षं बूट विकतोय मी," बडेसाब म्हणाले आणि वरच्या फळीवरचा सर्वांत जाड तळाचा जोड काढला. काटा टेकवला. काटा मोडला. "बघ! पोलाद हाय पोलाद."

समरा बुटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, शगुफ्तालाबी हेच दिले होते तुमी."

बडेसाबांनी बूट खाली ठेवला. अकबरीने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. तो नकारच होता.

मग बडेसाबांनी मला विचारलं, "बाई, तुमी कंपनीसंगं कोकणात फिरलात. वला डोंगर असतो तरी कसा?"

"दगडावर हिरवी मखमल पसरलेली असते," मी म्हटलं. "दिसायला राजाचं आसन. पाय ठेवला की राजाखालून आसन गायब."

"म्हंजे शेवाळ." ते विचारात पडले. "सोलापुरात शेवाळ आणायचं कुटनं? हितं प्यायला पानी पाच दिवसांनी येतंय."

आणि मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "बसप्पा!"

बसप्पा हा अक्कलकोट रोडकडच्या एका टॉवेल कारखान्यात रंगाईचं काम बघतो. घरी कन्नड, कारखान्यात मराठी, रागावला तर दोन्ही एकदम. कारखान्यामागे सूत धुण्याचा चौक आहे. शहाबादी फरशी, पाणी वाहून जावं म्हणून चांगलाच उतार, आणि वर्षानुवर्षांच्या ओलीने कडेला माजलेलं गर्द हिरवं शेवाळ. सगळ्या कोरड्या शहरात सह्याद्रीचा तेवढाच एक तुकडा.

रविवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो. बडेसाब, मी, समरा आणि तमाशा चुकू नये म्हणून शगुफ्ता. पोत्यात चार जोड, सगळे समराच्या मापाचे; बडेसाबांचं पाऊलही तेवढंच लहान. पोरी म्हणत होत्या आम्ही चालून बघतो. बडेसाब ऐकेनात. "माल माझा, जबान माझी, तर पाय बी माझाच."

"अय्यो शिवने!" बसप्पाने कपाळाला हात लावला. "ह्या वयात पडलात तर तुमच्या घरच्यांना मी काय सांगू?" शेवटी त्याने न कापलेल्या टॉवेलांचा लांबलचक पट्टा आणला, एक टोक बडेसाबांच्या कमरेला बांधलं आणि दुसरं दोन दांडग्या कामगारांच्या हातात दिलं. आमचा नायक असा सजून उताराच्या माथ्यावर उभा राहिला.

पहिला जोड काट्याला पुरून उरलेला, पोलादी. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला दोन्ही पाय एकदम पुढे निघून गेले आणि बडेसाब सुतातून उतरलेल्या रंगाच्या निळ्या पाण्यात बसले. टॉवेलांनी त्यांना अलगद उतरवलं म्हणून, नाहीतर हाडं मोजायची वेळ आली असती. कामगार हसले, पोरी हसल्या, मीही हसले. बडेसाब मात्र बसल्या जागी तो तळ अंगठ्याने दाबत राहिले.

"दगडासारखा कडक हाय," ते म्हणाले. "दगडाला दगड काय धरणार?" मग शगुफ्ताकडे वळून म्हणाले, "बेटी, तुझं नशीब वाईट न्हवतं. तुझा पाय माझ्या काट्यानं मोडला. माफ कर मला."

शगुफ्ता एकदम गोंधळली. मग म्हणाली, "दादा, माफ केलं. पर आता जो जोड पास होईल, त्यातला एक मलाबी. आन् फुकट!"

"मंजूर!"

दुसऱ्या जोडाचा तळ सपाट होता, तो पहिल्याच पावलाला गेला. तिसऱ्याला खाचा खोल होत्या, पण रबर कडकच. तो हळूहळू, अगदी अदबीने घसरला. राहिला चौथा. तो बडेसाबांनी आणला होता केवळ संख्या भरायला. त्यात काटा रुतला होता, म्हणून व्यापाऱ्याकडे परत जायच्या ढिगात पडला होता.

ते चढले. शेवाळावर पाय ठेवला. उभे राहिले. टाच आपटली. परत आपटली. मग उतरले, वळले, चढले, आडवे चालले. टॉवेलांचा पट्टा ढिला पडला. बडेसाबांनी हात पसरून अशी एक गिरकी घेतली की आमच्या कंपनीच्या नृत्य मास्तरांनी पाया पडावं. रबर नखाने दाबलं की खूण उमटत होती आणि लगेच भरून येत होती. खाचा खोल आणि दूरदूर होत्या, शेवाळाचा चिखल त्यात न अडकता गळून पडत होता.

"मऊ पायजे!" ते ओरडले. "मऊ असलं की दगडाला मिठी मारतं! चाळीस वर्षं मी कडक शोधत बसलो!"

आणि नेमक्या त्याच क्षणी दारातून अकबरी आली. कुणीतरी मोहल्ल्यात बातमी पोचवली होती. तिने पाहिलं, सासरे निळे झालेत, कमरेला टॉवेल बांधलेत, आणि शेवाळावर नाचतायत.

"अब्बा! ये क्या करलेको बैठे जी?"

"बैठे न्हाई, हुबे हैं! तेच तर दाखवतोय," बडेसाब म्हणाले. त्यांनी समजावायचा प्रयत्न केलाच नाही. खाली उतरले, बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. "समराचं आन् तुझं माप एकच हाय. मी सांगितलेलं खोटं ठरलं. आता तूच बघ आन् तूच ठरव."

अकबरीने आधी बसप्पाकडे पाहिलं, मग त्या हिरव्या फरशीकडे. ओढणी खोचली. टॉवेलांचा पट्टा तिने बाजूला सारला. पहिलं पाऊल भीत भीत. दुसरं जपून. तिसऱ्याला ती थांबली, आणि मी तिच्या चेहऱ्यावर ते पाहिलं जे पहिल्यांदा उजेडात उभ्या राहिलेल्या नव्या नटीच्या चेहऱ्यावर दिसतं. ती थेट खालपर्यंत गेली, परत वर आली, परत खाली गेली. दुसऱ्या खेपेची काही गरज नव्हती.

"घसरत न्हाईत," ती म्हणाली. "पर उतरताना बोटं पुढं आपटतात. दोन दिवस उतरली तर पोरीची नखं जातील."

बडेसाब आनंदाने जवळजवळ पुन्हा पाण्यात बसले. "शाब्बास! हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मी चढायचाच इचार करत होतो."

"एक नंबर मोठा घ्या, जाड मोजे घालून बघा," अकबरी म्हणाली. "आन् आजपास्नं घरात घालून फिरू दे तिला, नवे बूट चावतात." मग लेकीकडे न बघताच, "जा म्हणावं."

समराने जी किंकाळी मारली ती ऐकून रंगाईच्या खात्यातले लोक बाहेर आले. बसप्पाने सगळ्यांना चहा सांगितला.

काट्यांची बरणी दुकानात अजून आहे, माळावर चालणाऱ्यांसाठी. पण आता गिऱ्हाईक आलं की बडेसाब आधी विचारतात, "चाललाव कुटं?" डोंगर म्हटलं की काट्याऐवजी अंगठ्याचं नख पुढे येतं. परत जायच्या ढिगातले सहा जोड फळीवर चढले. शगुफ्ताचा जोड तिने स्वतः येऊन, नखाने तपासून नेला. तीही समराबरोबर जायची होती.

सोळा ऑगस्टला दुपारी दुकानात फोन वाजला. अकबरी तिथेच होती, मीही. समरा माथ्यावर पोचली होती. वारा इतका की अर्धे शब्द उडून जात होते. पाऊस पडतोय, ढग पायाखाली आहेत, शगुफ्ता पुढे आहे, कुणीकुणी घसरलं, आम्ही दोघी नाही, अम्मीला सांगा, बाईंना सांगा. अकबरीने ऐकलं, डोळे पुसले, दहा प्रश्न विचारले. मी दोन विचारले. मग फोन बडेसाबांकडे गेला. समरा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. त्यांनी मान डोलवत थोडं ऐकलं आणि मध्येच तिला थांबवलं.

"बास पोरी. फोन खिशात घाल आन् खाली बघून उतर. बोलायला मी घरीच हाय की."