पेशींचे कान

मारुती सर वर्गात आले की आधी सगळ्या खिडक्या उघडत आणि मग फळ्यावर एक भला मोठा कान काढत. जीवरसायनशास्त्राच्या तासाला कान! नवी पोरं हसायची. सर म्हणत, "हसा. पण पेशीलाही कान असतात. हार्मोन नुसतं हाका मारतं. जिला कान आहेत, तिलाच ती हाक ऐकू जाते." रिसेप्टर म्हणजे काय ते मी असं शिकलो आणि पुढे त्यांच्याच हाताखाली संशोधनाला लागलो.

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर अ जीवनसत्त्वापासून बनणारं आम्ल घालायचं, हे आमचं काम. त्या आम्लानं पेशींचे कान कमी होत, 'वाढा' म्हणणारी हार्मोनची हाक त्यांना नीट पोचेनाशी होई. सर हरखून जात. "बघ, कशा बहिऱ्या झाल्यात लेकाच्या!"

सर बिडकीनकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आईमागे त्यांना थोरल्या बहिणीनं, अक्कानं वाढवलं. लहानपणी सरांना रातांधळेपणा आला, दिवस मावळला की भिंतीला धडकायचे. अक्कानं कलेजी भाजून खाऊ घातली आणि तिच्यातल्या अ जीवनसत्त्वानं नजर परत आली. आपण या विषयाकडे का वळलो, याचं सर एवढंच कारण सांगत.

त्याच अक्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करा, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी मिनतवाऱ्या केल्यावर ती तयार झाली, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून नेमका ऑपरेशनच्याच दिवशी बंद. पैठण रस्त्यावर एसटी फिरकली नाही. नामांतर झालंच पाहिजे असं चारचौघांत सांगणारे सर त्या दिवशी घरात नुसते येरझाऱ्या घालत राहिले. अक्कानं तो देवाचा कौल मानला.

पुढच्या रविवारी मी सरांबरोबर गावी तिच्याकडे गेलो. ती चुलीपुढं कलेजी परतत होती.

"कापाकापी कशाला रं? तूच म्हनला व्हता ना, त्या अ जीवनसत्वानं गाठीचे कान जात्यात? ते कलेजीत हायच की. तुझे डोळे कशानं आले?"

"अक्का, ते काचेतल्या पेशींवर चालतंय. खाऊन तसं व्हत नाय."

"मान्सात करून बघितलं का तू?"

सर म्हणाले, "नाय."

"मग मी बघते की," अक्का हसली.

खोटं सरांना बोलता येत नव्हतं आणि खऱ्याला जोर नव्हता. परतताना चितेगावचे कारखाने मागे पडल्यावर ते म्हणाले, "मीच समजावलं तिला. लई सोपं करून समजावलं."

अक्का ऑपरेशनला हो म्हणाली तोवर दुखणं हाताबाहेर गेलं होतं. सरांनी तिला शहरात आपल्या घरी आणलं. एका सकाळी गेलो, तर सर स्टोव्हपुढे बसून कलेजी शिजवत होते. मला राहवलं नाही. "सर, तुम्हाला तर माहीत आहे, यानं काही होणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण ती मागते रे."

अक्कानं कसेबसे दोन घास खाल्ले. "बरं वाटतंय बघ आता," ती म्हणाली, जणू सरांचीच समजूत घालत होती. त्याच आठवड्यात ती गेली.

सर नंतरही बरीच वर्षं तोच विषय शिकवत राहिले. खिडक्या उघडत, पण फळ्यावर कान काढत नसत. एकदा एका मुलीनं गळ घातली, "सर, जरा सोपं करून सांगा ना."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "नको गं," ते म्हणाले, "अवघडच राहू दे."