समोरचे डॉक्टरकाका आणि झाकलेला विस्तव

इंग्लंडात इंग्रजी नावाची भाषाच नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या लेस्टरमध्ये एकच, आणि तो नेमका आमच्या दारासमोर राहायचा. रिटायर्ड डॉक्टर, भूल देणारे. काकू म्हणायच्या, इंजेक्शन नुसतं नावाला होतं. ऑपरेशनच्या आधी 'टेबल' हा शब्द फ्रान्सहून कसा आला हे ह्यांनी सांगायला घेतलं की पेशंट आपणहून डोळे मिटायचा. मी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका हॉटेलात भजी तळतो. शिक्षण आठवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. पहिल्या भेटीत काकांनी विचारलं, "काय करतोस?" मी जरा छाती काढून म्हटलं, "शेफ आहे." काका खुर्चीतून उठलेच. "शेफ! अरे, फ्रेंच शब्द! शेफ म्हणजे मुळात डोकं!" आमची ही शेजारीच होती. म्हणाली, "मग व्हिसावर चुकून पडलं असेल हो ते."

तेव्हापासून मी त्यांचा हक्काचा श्रोता. कारण बाकी सगळे पळायचे, आणि मला पळायचं कधी ते पटकन कळत नाही. एकदा पोस्टात त्यांच्याबरोबर रांगेत होतो. ज्या रांगेचा इंग्रजांना एवढा अभिमान, तो 'क्यू' शब्दसुद्धा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ शेपूट, हे त्यांनी पुढच्या गोऱ्या म्हातारीला इतक्या प्रेमानं समजावलं, की ती बिचारी 'मला काही घाई नाही' म्हणत आमच्या मागे गेली. आमचा नंबर आधी लागला. त्यांच्या लॉनमध्ये ती पिवळी रानफुलं माजली होती, डँडेलियन. शेजारचा गोरा यंत्र घेऊन आला, कापून देतो म्हणाला. काका म्हणाले, "खबरदार! तो सिंहाचा दात आहे. फ्रेंच सिंहाचा." त्या माणसानं नंतर कुंपणावरून डोकावणंच बंद केलं. मी एकदा त्यांना 'अंकल' म्हणालो तर केवढे उखडले! "मदर, फादर, ब्रदर, सिस्टर ही चार माणसं ह्यांच्या घरची. अंकल, आंट, कझिन सगळे फ्रान्सहून बोटीनं आलेत. मला काका म्हण." मी विचारलं, "मग ह्यांचं स्वतःचं असं काय आहे?" जरा विचार करून म्हणाले, "सॉरी. सॉरी अस्सल ह्यांचा. म्हणून तर दिवसभर तोच वापरतात."

हे मी हसून ऐकायचो, पण एक दिवस रडायची पाळी आली. इथं कायमचं राहायचं तर इंग्रजी बोलायची परीक्षा द्यावी लागते. मी दिली. परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, मी म्हटलं सॉरी. दुसऱ्यालाही सॉरी. तिसऱ्याला त्याच मला सॉरी म्हणाल्या. नापास. व्हिसा संपायच्या आत आता एकच तारीख मिळत होती. ती हुकली तर पोरीची शाळा, हिची केअर होममधली नोकरी, सगळं गुंडाळून परत साताऱ्याला. तोंड पाडून काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे निदान शुद्ध इंग्रजी बोललास."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या किचनमध्ये शिकवणी. त्या परीक्षेत आपल्या आवडीच्या एका विषयावर बोलावं लागतं. लोक क्रिकेट घेतात, आपलं गाव घेतात. काकांनी मला दिला विषय: इंग्रजीतले फ्रेंच शब्द. मी म्हटलं, "काका, मला इंग्रजीच येत नाही, त्यात फ्रेंच कुठं घालता?" तर म्हणाले, "गाढवा, घाबरतोस कुणाला? हे सगळे शब्द परके म्हणून आले. वाकडेतिकडे झाले, पण राहिले ना? आज त्यांना कुणी विचारतं का, कुठले तुम्ही म्हणून?" आणि मग 'कर्फ्यू' काढला. मूळ अर्थ, विस्तव झाका. जुन्या काळी रात्री घंटा झाली की घरोघरी चुली झाकायच्या, आग लागू नये म्हणून.

मी म्हटलं, "आमची आई झाकायची की." जेवणं झाली की ती चुलीतले निखारे राखेखाली पुरायची. सकाळी राख बाजूला करून फुंकर घातली की आत लालभडक. शेजारची म्हातारी गोवरीचा तुकडा घेऊन यायची आणि त्यावर आमचा विस्तव घरी न्यायची. मी आपला बोलत सुटलो. काका गप्प. इतके गप्प, की काकूंनी बाहेरून विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?" काका म्हणाले, "हेच बोल. बाकी माझे सगळे शब्द गेले खड्ड्यात."

परीक्षेच्या दिवशी समोर त्याच बाई. बसल्याबसल्या सगळं विसरलो. 'सॉरी' अगदी ओठावर आला होता. मग आई आठवली. "माय मदर. नाइट. फायर. ॲश. कव्हर." शब्द संपले तेव्हा हात वापरले. हातही पुरेनात तेव्हा टेबलावर खरीखुरी फुंकर मारली, आणि बाईंचे कागद उडाले. त्या हसल्या. कागद गोळा करत विचारलं, "अँड इन द मॉर्निंग?" मी म्हटलं, "मॉर्निंग, फायर इज देअर ओन्ली." मग काय झालं कुणास ठाऊक, मी बोलतच राहिलो. घड्याळ दाखवून त्यांनी मला थांबवलं.

निकाल कळल्यावर धावत आलो तर काका ओव्हरकोट घालून फाटकातच उभे. मी 'पास' म्हणायच्या आत विचारतात, "'कव्हर' पण फ्रेंच आहे, ते सांगितलंस?" म्हटलं, नाही. "मग पास कसं केलं तुला?" असं म्हणाले आणि तोंड फिरवून बराच वेळ ते सिंहाचे दात बघत राहिले.

पुढं काकू गेल्या. त्यांची मुलगी काकांना कॉव्हेंट्रीला आपल्या घरी घेऊन गेली. रविवारी मी फोन करतो. आताशा त्यांचे शब्द निसटतात. "टेबल म्हणजे मुळात..." असं जोरात सुरू करतात आणि मधेच थांबतात. मी कढईजवळ फोन धरून उभा. पूर्वी त्यांनी थांबावं म्हणून देव पाण्यात ठेवायचो, आता त्यांनी पुढं काहीतरी बोलावं म्हणून ठेवतो. मग म्हणतात, "राहू दे रे. तुझ्या आईचं सांग. इंग्रजीत सांग." मी सांगतो. माझं इंग्रजी होतं तिथंच आहे. मदर, नाइट, फायर, ॲश. तिथवर येऊन मी मुद्दाम थांबतो. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मग हळूच, "अँड इन द मॉर्निंग?"

"फायर इज देअर ओन्ली, काका."